औषधापुरते

आमच्या हिंगोलीकडे घरातले तूप संपले म्हणजे बाई सांगते, "औषधालासुद्धा थेंब नाही." गावात भांडण मिटवणारा शहाणा माणूस उरला नसला, तर म्हातारे म्हणतात, "औषधाला शोधला तरी मिळायचा नाही." हा वाक्प्रचार साऱ्या मराठी मुलखाचा आहे, आमची त्यावर काही मालकी नाही. पण त्यात दडलेला हिशेब पाहण्याजोगा आहे. औषध म्हणजे चिमूटभर, गुंजभर, सहाणेवर उगाळलेले दोन वेढे. वस्तू वाटीभर असली तर ते अन्न झाले, पोतेभर असली तर तो व्यापार झाला. जे इतके थोडे की त्याहून थोडे असून उपयोग नाही, ते औषध.

आता त्याच हिंगोलीकडे श्रावणाच्या उघडिपीत एखाद्या बांधावर उभे राहून हाक मारा, "काय चाललंय काका?" कपाशीतून उत्तर येते, "औषध मारायलो!" त्याच्या पाठीवर पंधरा-सोळा लिटरांचा पंप असतो, आणि असे कित्येक पंप दुपारपर्यंत रिकामे व्हायचे असतात. घरातल्या बाईच्या तोंडचे औषध आणि शेतातल्या पुरुषाच्या तोंडचे औषध हा एकच शब्द आहे. चिमटीत मावणारा शब्द पंपात कसा जाऊन बसला, त्याची हकीकत येथे सांगावयाची आहे.

मूळ शब्द संस्कृत, 'ओषधि'. अमरकोशात ओषधीची व्याख्या मोठी सुटसुटीत आहे. फळ पिकले की जिचे आयुष्य संपते, ती वनस्पती ओषधि. म्हणजे वड, पिंपळ, आंबा, कडुनिंब ह्या ओषधि नव्हेत. ते वृक्ष. ज्वारी, मूग, उडीद, तीळ, करडई ह्या मात्र ओषधि. ह्या व्याख्येने आमच्या शिवारात गेल्या काही दशकांत पसरलेले सोयाबीनही ओषधीच ठरते, मग अमरसिंहाने ते डोळ्यांनी पाहिलेले नसो. चंद्र हा ओषधींचा राजा, म्हणून त्याला ओषधीश म्हणतात. ह्या ओषधींपासून जे निघते ते औषध. आमच्याकडे पुष्कळ माणसे अजून 'औषधी आणली' असेच म्हणतात, आणि शहरातून आलेले लोक ते अशुद्ध समजून हसतात. खरे पाहता ती माणसे मुळाच्या जास्त जवळ आहेत. सांगावयाचे ते एवढेच की, औषध मुळात शेतातूनच निघाले होते.

हळदीचेच पाहा. आमच्या जिल्ह्यातल्या वसमतकडे हळद हे नगदी पीक आहे. ती क्विंटलांनी मोजतात, कढईत शिजवतात, वाळवतात, ढोलात घालून पॉलिश करतात आणि बाजारात लिलावाला लावतात. तेथे ती औषध नव्हे, माल. पण त्याच हळदीच्या राशीजवळ विळ्याने बोट कापले की बाई राशीतली चिमूट उचलून जखमेवर दाबते, आणि त्या क्षणी माल औषध होतो. ह्या चिमटीवरून एकदा अमेरिकेत तंटा झाला होता. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राने 1995 साली हळदीने जखम भरून आणण्याच्या युक्तीवर एकाधिकार मिळवला. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, रघुनाथ माशेलकर तिचे प्रमुख असताना, जुन्या ग्रंथांचे पुरावे गोळा करून त्याला आव्हान दिले, आणि 1997 साली तो एकाधिकार रद्द झाला. आमच्या बायांना ह्याची वार्ता उशिरा कळली. तोवर त्या बोटावर हळद दाबतच होत्या.

संस्कृताच्या शेजारी आमच्या मुलखात दुसरी एक बोली सहा-सातशे वर्षे राहिली. हिंगोली हा हैदराबादच्या निजामाचा मुलूख. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आमच्या वाडवडिलांचा दरबाराशी, कचेरीशी आणि आजारपणाशी जो संबंध आला तो पुष्कळसा फारसी-उर्दूतून आला. आजारपणाच्या शब्दांत हे जसे दिसते तसे कचेरीच्या शब्दांतही दिसत नाही. कचेरीचे शब्द कचेरीबरोबर गेले. पण माणूस आजारी पडावयाचा थांबत नाही, म्हणून हे शब्द टिकले, आणि टिकता टिकता बिघडलेही.

'दवा' अरबी. त्याचा दवाखाना झाला आणि तो पुण्याच्या सदाशिव पेठेतही गेला, तेव्हा त्यावर अधिक बोलण्याचे कारण नाही. 'इलाज' अरबी, म्हणजे उपचार. मराठीने त्याला 'ना' लावला आणि 'नाइलाज' करून ठेवला. सून सासरी नाइलाजाने राहते, शेतकरी नाइलाजाने माल विकतो. रोगाला उपाय नाही एवढ्याच अर्थाचा शब्द आम्ही साऱ्या आयुष्याला लावला. 'हकीम' म्हणजे शहाणा माणूस, आणि त्याची विद्या ती 'हिकमत'. उर्दूत हिकमत करणे म्हणजे वैद्यकी करणे. मराठीत हिकमती माणूस म्हटला की आपण खिसा सांभाळतो. युनानी हकीम नाडी धरून माणसाचा 'मिजाज' ठरवीत, म्हणजे त्याच्या शरीरातल्या चार रसांचा मेळ. मराठीने त्या मिजाजाची मिजास केली, आणि ती आता फक्त श्रीमंतांना असते. 'जुलाब' तर मूळचा गुलाबपाणी. फारसीतला 'गुलाब' हा शब्द अरबीत जाऊन 'जुलाब' झाला, तेथे गोड औषधी पाकाला लावला गेला, आणि आमच्याकडे येईपर्यंत त्याचे काय झाले ते सांगावयास नको. फुलाच्या वाट्याला इतकी अधोगती क्वचितच आली असेल.

ह्या सगळ्यांत 'दारू'ची कथा मला सर्वांत विशेष वाटते. फारसीत दारू म्हणजे औषध. मराठीत तो अर्थ 'दवादारू' ह्या जोडशब्दात कसाबसा जीव धरून आहे. "पोराच्या दवादारूला पैसा नाही" असे म्हणणाऱ्या बाईच्या मनात गुत्ता नसतो. जोडीतला दवा बाजूला काढला की उरलेल्या दारूचे दोन अर्थ होतात. एक बंदुकीत भरावयाची, आणि दुसरी स्वतःत भरावयाची. दिवाळीत मुले उडवतात ती शोभेची दारूही त्याच शब्दाची. औंढ्याच्या नागनाथाला आपल्याकडे दारुकावनातला नागेश मानतात. त्यावरून आमच्याकडे थट्टेखोर लोक नको ते संबंध जोडतात, पण ती दारु संस्कृत आहे, म्हणजे लाकूड. देवदारातली. तिचा ह्या दारूशी संबंध जोडण्याचे कारण नाही. गंमत पुढेच आहे. मुंबई राज्याने 1949 साली दारूबंदीचा कायदा केला आणि त्यात पिणाऱ्याला परवाना ठेवला. परवाना कशासाठी, तर प्रकृती राखण्यासाठी. म्हणजे फारसीतून निघालेले औषध सारी गावे बुडवून, दोन-चार लढाया लढून, पुन्हा सरकारी कागदावर औषध म्हणून हजर झाले.

हिंगोलीला आणखी एक गोष्ट मिळाली होती, ती म्हणजे छावणी. हैदराबाद कंटिन्जंट नावाच्या फौजेचे हे एक मोठे ठाणे. रिसाला बाजार, पलटण, तोफखाना, पेन्शनपुरा ही नावे हिंगोलीत अजून चालतात, ती त्या फौजेची उरलेली खूण. 1903 साली ही कंटिन्जंट ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यात मिळवली गेली आणि छावणी ओसरली. छावणीत माणसांचा दवाखाना होता तसा जनावरांचाही होता. घोडा हे तेव्हाचे लढाईचे यंत्र, त्याची हयगय चालत नसे. अशा ठाण्यात हकिमाचा दवा आणि गोऱ्या डॉक्टरचे मिक्श्चर एका बाजारात विकले गेले असले तर नवल नाही. मुंबईस 1845 साली ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले ते इंग्रजीतून शिकवणारे. हैदराबादेस 1846 साली वैद्यकशाळा निघाली, तिच्यात पाश्चात्त्य वैद्यक उर्दूतून सांगत. पुढे 1918 साली उस्मानिया विद्यापीठ झाले, आणि तेथेही अगदी शस्त्रक्रियेपर्यंतचे पाठ उर्दूतून चालले. त्याआधीच निजाम सरकारने भाषांतराचे एक खाते उघडून इंग्रजी पुस्तके उर्दूत आणण्याचे काम सुरू केले होते. देशी भाषेतून डॉक्टर घडवण्याचा एवढा मोठा प्रयोग त्या काळी हिंदुस्थानात दुसरीकडे झाला नाही. आम्हा मराठी माणसांचे दुखणे असे की ती देशी भाषा आमची नव्हती. रोग्याने मराठीत कण्हावे आणि डॉक्टरने उर्दूत लिहावे, असा तो मामला होता. तथापि प्रयोगाचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

इंग्रजी 'मेडिसिन' आमच्याकडे उशिरा आले आणि अर्धेच आले. ह्या शब्दाचे मूळ लॅटिन, बरे करणे ह्या अर्थाच्या धातूतले. इंग्रजीत त्याच्या पोटात दोन गोष्टी राहतात. बाटलीतले औषध ते मेडिसिन, आणि ते देण्याचे शास्त्र तेही मेडिसिन. मराठीने पहिल्यापासून दोन खोल्या वेगळ्या ठेवल्या, औषध निराळे आणि वैद्यक निराळे. म्हणून मोठ्या सरकारी दवाखान्यात 'मेडिसिन विभाग' अशी पाटी दिसली की खेड्यातला माणूस तेथे औषध मिळेल म्हणून रांगेत उभा राहतो. त्याचे काय चुकले? 'मेडिकल' ह्या विशेषणाचे तर आम्ही सरळ दुकान केले. "मेडिकलवरून गोळी आण." "पोरगा मेडिकलला आहे" असे कोणी सांगितले, तर तो डॉक्टर होतो आहे की काउंटरवर पुड्या बांधतो आहे, हे बापाच्या चेहऱ्यावरून ओळखावे लागते. आणि ज्याला आपण 'डॉक्टर' म्हणतो तो लॅटिनमध्ये शिकवणारा, म्हणजे मास्तर. ही एक पदवी आमच्याकडून गेली ती गेलीच.

'डोस' हा शब्द ग्रीकांचा. त्याचा अर्थ देणे, दिलेला वाटा. त्याला आमच्याकडे आधीपासून 'मात्रा' होती. मात्रा म्हणजे माप, आणि मात्रा म्हणजे औषधही. हेमगर्भाची मात्रा, सूतशेखराची मात्रा. मापाला आणि औषधाला एक नाव देणारी भाषा काय सांगू पाहते ते उघड आहे. औषध हे द्रव्य नव्हे, ते द्रव्याचे माप आहे. माप चुकले की नाव बदलते.

ही गोष्ट जुन्या वैद्यांना पक्की ठाऊक होती. चरकसंहितेत असे सांगितले आहे की नीट योजलेले तीव्र विषही उत्तम औषध होते, आणि वाईट रीतीने योजलेले औषधही तीव्र विष होते. हे केवळ बोलणे नव्हते. तापावर देतात त्या त्रिभुवनकीर्तीत बचनाग असतो. बचनाग जात्या मारक. तो गोमूत्रात शुद्ध करून, गुंजेच्या हिशेबात घालावयाचा. अशा विषारी द्रव्यांची यादी आजच्या औषध कायद्यातही आहे, आणि ती ज्या आयुर्वेदी औषधात असतील ते वैद्याच्या देखरेखीखाली घ्यावे असे वेष्टनावर छापावे लागते. बाळगुटीत आई अतिविषाची कळी उगाळते. ही कळी बचनागाच्या गोत्रातली असून निर्विष आहे. पण नावात विष शब्द असलेली वस्तू आई तान्ह्या लेकराच्या ओठाला लावते, आणि तिचा हात कापत नाही. कारण किती वेढे उगाळावयाचे ते तिच्या सासूने तिला सांगितलेले असते. 'अरिष्ट' हा शब्द असाच. दशमूलारिष्ट बाळंतिणीला देतात, आणि घरावर कोसळते तेही अरिष्टच.

ग्रीकांचेही असेच होते. फार्मसी ह्या शब्दाचे मूळ असलेला त्यांचा 'फार्माकॉन' औषधालाही लागे आणि विषालाही. आमच्याकडे त्याहून धीट उदाहरण आहे ते 'देवी'चे. देवी हा रोग, देवी ही तो रोग पाठवणारी माता, आणि देवी काढणे म्हणजे त्या रोगाची लस टोचणे. मुंबईस 1802 सालच्या जून महिन्यात तीन वर्षांच्या एका मुलीला हिंदुस्थानातली पहिली लस टोचली गेली. त्यानंतर खेड्यापाड्यांत टोचणारे हिंडू लागले, आणि लोकांनी रोगाचे नाव औषधाला देऊन टाकले. रोगाच्याच जातीची वस्तू बेताने अंगात घालून रोग टाळावयाचा, हे त्या नावात इतके नेमके उतरले आहे की शास्त्रज्ञालाही हेवा वाटावा. भारत देवीरोगापासून मुक्त झाल्याचे 1977 साली जाहीर झाले. माझ्या पिढीच्या दंडावर ते वण नाहीत. आमच्या आईबापांच्या दंडावर आहेत.

तेव्हा औषध आणि विष एका घरात राहणे आमच्या भाषेला नवे नव्हते. पण त्या घराला दाराशी राखण असे. पथ्य, अनुपान, मात्रा हे तीन शब्द औषधाबरोबर चालत. कशाबरोबर घ्यावयाचे, काय खावयाचे नाही, किती घ्यावयाचे. आणि हे सांगणारे एक माणूस समोर बसलेले असे, वैद्य असो, हकीम असो, की सासू. त्याच्या हाताला गुण आहे असे लोक म्हणत. हातगुण हा शब्द मराठीच्या खास मालकीचा आहे. औषध बाटलीत नसून देणाऱ्याच्या हातात असते, असा त्याचा भाव.

हे घर मोडले ते कधी, ह्याचा शोध घेताना मी पुन्हा 1948 ह्याच सालावर येऊन ठेपलो. ज्या साली आमचा मुलूख निजामापासून सुटला, त्याच साली स्वित्झर्लंडच्या पॉल म्युलर ह्या रसायनशास्त्रज्ञाला नोबेल पारितोषिक मिळाले. म्युलर डॉक्टर नव्हता, वैद्यकाशी त्याचा संबंध नव्हता. 1939 साली त्याने डीडीटी नावाच्या जुन्या रसायनाला किडे मरतात हे शोधून काढले होते. त्याला पारितोषिक दिले ते मात्र वैद्यकाचे. आणि कशासाठी दिले ह्याचे जे अधिकृत कारण दिले त्यात ह्या रसायनाला स्पर्शविषच म्हटले आहे. डास मेला की हिवताप हटतो, म्हणून डासाचे विष ते माणसाचे औषध. तर्क बिनतोड होता, आणि त्याने लाखो जीव वाचले हेही खरे. पण पारितोषिक देणाऱ्यांनी त्या दिवशी 'मेडिसिन' शब्दाचे दार जरा जास्तच उघडले.

आपल्याकडे 1953 साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रणाची मोहीम निघाली, आणि 1958 साली ती निर्मूलनाची मोहीम झाली. गावोगाव फवारणी करणारी माणसे आली. त्यांनी घराच्या भिंती, गोठे, माळवदाच्या तुळया भिजवल्या आणि दाराशेजारी फवारणीची तारीख लिहून ठेवली. लोकांनी त्याला काय म्हणावे? आरोग्यखात्याची माणसे आली, पैसे न घेता काही शिंपडून गेली, आणि थंडीताप कमी झाला. ते औषधच. ह्या मोहिमेच्या मागोमाग नवे बियाणे आले. 1964 साली संकरित ज्वारीचा पहिला वाण आला, 1970 साली संकरित कपाशी आली. त्यांच्याबरोबर नव्या किडी आल्या आणि किडींबरोबर डबे आले. शेतकऱ्याची भाषा तयारच होती. पिकावर 'रोग पडतो' असे तो पूर्वीपासून म्हणे, मग तो बुरशीचा असो की अळीचा. रोग पडला तर औषध पाहिजे. खताचाही पुढे 'डोस' झाला.

येथे मास्तराने व्याकरणाचे दोन शब्द बोलावेत हे बरे. 'खोकल्याचे औषध' म्हणजे खोकल्याला घालवणारे औषध. त्याच चालीवर 'ढेकणाचे औषध', 'उंदराचे औषध', 'अळीचे औषध', 'तणाचे औषध'. ह्या 'चे' प्रत्ययाने उंदीर आणि अळी ह्यांना खोकल्याच्या पंक्तीला बसवले. पुढे आपण म्हणू लागलो 'कपाशीचे औषध', 'तुरीचे औषध', आणि चाल उलटली, कारण कपाशी काही घालवावयाची नाही. ती बरी व्हावयाची आहे. एवढ्या एका प्रत्ययात विष डोळ्यांसमोरून गेले. अमरकोशाप्रमाणे जी स्वतः ओषधि, तिच्यावर औषध मारावयाचे, अशी ही भाषेची तऱ्हा झाली.

धोक्याची सूचना मिळाली नव्हती असे नाही. 1958 साली केरळात शंभरावर माणसे पोळी-भाकरीने मेली. गव्हाचे पीठ आणि पॅराथिऑन नावाचे कीटकनाशक एकाच जहाजात भरले गेले होते आणि ते पिठात सांडले होते. चौकशी आयोग बसला. त्याच्या शिफारशींतून 1968 सालचा कीटकनाशक कायदा आला, आणि 1971 साली त्याचे नियम झाले. ह्या नियमांनी डब्यावर एक चौकट काढावयास लावली, कोनावर उभी केलेली. खालच्या अर्ध्यात रंग असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. पहिल्या दोहोंवर 'विष' हा शब्द तांबड्या अक्षरांत घालावा लागतो आणि लालवर कवटी व हाडेही. म्हणजे कायदा त्याला विष म्हणतो आणि गाव त्याला औषध म्हणते. डबा एकच.

त्या पहिल्या वर्षांत एंड्रिन नावाचे एक कीटकनाशक होते. ते 1990 साली बंद झाले, पण जुनी माणसे अजून ते नाव घेताना आवाज खाली आणतात. "तिनं एंड्रिन घेतलं" एवढे वाक्य पुरे असे. डीडीटीही शेतीसाठी 1989 साली बंद झाले. एंड्रिन गेले तसे ते विशेषनामही गेले, आणि त्याच्या जागी सामान्यनाम आले. आता कोणी "औषध पिला" असे म्हटले की आमच्याकडे ऐकणारा पुढे विचारत नाही. खोकल्याचे की तापाचे, असे कोणी विचारील का? वर्तमानपत्रांनी ह्या दोन अर्थांना सांधा घातला आहे. ती छापतात, 'विषारी औषध प्राशन करून जीवनयात्रा संपवली.' विषारी औषध! वदतोव्याघाताचे उदाहरण म्हणून मी हे वर्गात फळ्यावर लिहिणार होतो. पण ज्यांच्या घरी ती बातमी झालेली आहे अशी लेकरे समोरच बसतात, म्हणून लिहिले नाही.

मला कोणी विचारील की शब्द बदलून काय होणार. कर्ज शब्दाने झाले नाही आणि पाऊस शब्दाने पडत नाही, हे मान्यच आहे. पण पंप पाठीवर घेणाऱ्याचे वागणे पाहा. तो बाटलीच्या बुचाने माप घेतो, "पंपाला दोन बुचं." काडीने ढवळतो, आणि काडी नसली तर हाताने. त्याच हातावर तंबाखू मळतो. वाऱ्याच्या तोंडाशी चालतो. आत जे आहे त्याला तो विष म्हणत असता तर निदान हात धुतला असता. उरलेली बाटली तो ठेवतो तीही घरात, उंच फळीवर किंवा दाराच्या वर, जेथे पूर्वी आजीच्या औषधांचा बटवा असे. पिकावर काय पडले आहे हे विचारावयास तो खिशात पान घालून शेतीच्या दुकानात जातो. दुकानदार पान उलटसुलट करून पाहतो आणि बाटली काढून देतो. नाडी पाहिल्यासारखेच ते दिसते. पण पथ्य सांगावे, अनुपान सांगावे, हे दुकानदाराच्या धंद्यात नाही. ते बाटलीबरोबरच्या घडी घातलेल्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरांत असते.

2017 सालच्या पावसाळ्यात पैनगंगेच्या पलीकडे, आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, फवारणी करता करता वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले, आणि शेकडो दवाखान्यात पडले. ह्यांपैकी कोणी विष घेतले नव्हते. मालकाच्या शेतात रोजाने औषध मारावयास गेले होते. कपाशी त्या वर्षी डोक्याएवढी वाढली होती, त्यामुळे फवारा खाली न पडता तोंडावर येई. शिवाय दोन-तीन बाटल्या एका पंपात मिसळण्याची चाल पडलेली होती. एक औषध चांगले तर तीन अधिक चांगली, हा हिशेबही औषध ह्या शब्दाचाच. बचनाग दुप्पट घालावा असे कोणा वैद्याला कधी सुचले नाही.

अशा रोग्याला दवाखान्यात आणले म्हणजे काय करतात, हे एका सरकारी डॉक्टरांनी मला समजावून सांगितले. पुष्कळशा कीटकनाशकांनी डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, तोंडाला फेस येतो, छाती पाण्याने भरते, नाडी मंद पडते. त्यावर ॲट्रोपिन देतात. ॲट्रोपिन हे मूळचे बेलाडोना नावाच्या विषारी झुडपातले द्रव्य. आपल्या उकिरड्यावर उगवणारा आणि महादेवाला वाहतात तो धोतरा त्याच कुळातला, आणि त्यातही ते असते. हेही विष, पण उलट्या वाटेचे. ते बाहुली मोठी करते, फेस सुकवते, नाडी वाढवते. किती द्यावयाचे हे पुस्तकात पाहून ठरत नाही. थोडे देऊन छातीला नळी लावावयाची, पुन्हा द्यावयाचे, पुन्हा ऐकावयाचे. सारी रात्र एक माणूस खाटेजवळ बसून राहतो.

त्याआधी दारात डॉक्टर बरोबरच्या माणसांना पहिला प्रश्न विचारतात, "कोणतं औषध घेतलं?" म्हातारा बाप धोतराच्या सोग्यातून बाटली काढून देतो. डॉक्टर ती उजेडाकडे धरून चौकटीचा रंग पाहतात, नाव वाचतात, चिठ्ठीवर काही लिहितात आणि बरोबरच्या पोराला सांगतात, "पळत जा. मेडिकलवरून हे औषध घेऊन ये."